बायपास: मशीन लावून की धडधडत्या हृदयावर?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, डोंबिवलीला राहणारे. १५ वर्षांपासून मधुमेह, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) १.७, हृदयाचे पंपिंग ४५ टक्के आणि अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य रोहिण्यांमध्ये अडथळे. एका सर्जननी सांगितले की हृदय चालू ठेवूनच बायपास करू. दुसऱ्यांचे म्हणणे असे की यांची शस्त्रक्रिया हार्ट-लंग मशीन लावून केलेली बरी. दोघेही नावाजलेले आणि दोघेही आपल्या मतावर ठाम आहेत. तेव्हा ऐकायचे कोणाचे, आणि दोघांपैकी एक जण चुकतो आहे का?

मी मुंबईत गेली २८ वर्षे हृदयशस्त्रक्रिया करतो आहे आणि दोन्ही पद्धतींनी बायपास केल्या आहेत. आपण दिलेल्या माहितीवरून पाहता दोघांपैकी कोणीही चुकत नसावे. त्यांच्या मतांतला फरक बहुधा वडिलांच्या हृदयामुळे पडलेला नसून त्या दोघांच्या हातांना पडलेल्या सवयीमुळे पडला असावा. ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही, उलट निर्णयाचा मोठा भाग तिच्यातच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘मशीन’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे घरात कोणी ‘त्यांना मशीनवर ठेवले आहे’ असे म्हटले की त्याचा अर्थ व्हेंटिलेटर असा घेतला जातो, आणि त्यामागोमाग जे मनात येते ते कोणी बोलून दाखवत नाही. त्यामुळे सर्जन ‘मशीन लावून करू’ म्हणाले की नातेवाइकांचा चेहरा उतरतो आणि ‘मशीनशिवाय करू’ म्हणाले की जीव भांड्यात पडतो. या दोन मशिनींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. हार्ट-लंग मशीन फक्त शस्त्रक्रियेच्या वेळी, साधारण तास-दीड तास वापरतात आणि रुग्ण ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येण्याआधी ती काढलेली असते. व्हेंटिलेटर मात्र दोन्ही पद्धतींत लागतो, कारण भूल दोन्हीकडे सारखीच असते. शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत काही तास तो राहतो आणि रुग्ण नीट शुद्धीवर येऊन स्वतःचा श्वास घेऊ लागला की नळी काढतात. छातीचे मधले हाडही नेहमीच्या बायपासमध्ये दोन्हीकडे कापावे लागते. ‘मशीनशिवाय’ म्हणजे छोटी शस्त्रक्रिया, असा समज करून घेऊ नये.

मग फरक कुठे आहे? बायपासमध्ये आम्ही अडथळ्याच्या पुढे रक्त पोहोचवणारी नवी वाट जोडतो. त्यासाठी छातीच्या आतल्या बाजूने उतरणारी डावी रोहिणी, जिला आम्ही लिमा म्हणतो, पायातली नीला आणि कधी मनगटाची रोहिणी वापरतो. ज्या हृदयरोहिणीला ही वाट जोडायची तिचा आतला व्यास बहुतेक वेळा दीड ते दोन मिलिमीटर असतो. वर्षानुवर्षांचा मधुमेह असलेल्या आपल्याकडच्या रुग्णांत तो कधी त्याहूनही कमी भरतो आणि रोहिणीची भिंत लांबवर कडक झालेली असते. त्या तोंडाभोवती केसाहून बारीक धाग्याने आठ-दहा टाके घालायचे असतात. हृदय मिनिटाला सत्तर वेळा उसळत असताना ते घालायचे कसे, हाच या शस्त्रक्रियेपुढचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे, आणि दोन पद्धती ही त्याची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर म्हणजे हृदय थांबवायचे आणि तेवढा वेळ त्याचे व फुप्फुसांचे काम मशीनकडे द्यायचे. रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन देतात. उजव्या कप्प्यातून अशुद्ध रक्त जाड नळीने बाहेर येते, टाकीत साठते, ऑक्सिजनेटरमधल्या पोकळ बारीक तंतूंच्या जुडग्यावरून जाताना कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजन घेते, हवे तेवढे गार किंवा गरम केले जाते आणि पंपाने महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघून सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीत, परत पाठवले जाते. प्रौढ माणसात हा प्रवाह मिनिटाला चार-पाच लिटर ठेवावा लागतो. मशीनसमोर जी व्यक्ती बसते तिला परफ्युजनिस्ट म्हणतात. तिचे नाव नातेवाइकांना सहसा कळत नाही, पण त्या तासाभरात रुग्णाचे रक्ताभिसरण तिच्या हातात असते. मग महारोहिणीवर आडवा चिमटा लावून हृदयाचा रक्तपुरवठा तोडतात आणि पोटॅशियम असलेले गार द्रावण हृदयरोहिण्यांत सोडतात. मॉनिटरवरची रेष उंचसखल होत होत सपाट होते आणि हृदय मऊ, निश्चल पडते. मग मागच्या बाजूची रोहिणीसुद्धा हृदय उलटवून, सावकाश, भिंगातून पाहत जोडता येते. जोडणी संपली की चिमटा काढतात, गरम रक्त आत शिरते, आणि मिनिटभरात हृदयाच्या स्नायूवर आधी एक थरथर दिसते, मग पहिला ठोका पडतो. २८ वर्षांनंतरही त्या ठोक्यापर्यंत थिएटरमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही.

या सोयीची किंमत आहे. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरले की शरीर त्याला परकी गोष्ट समजते आणि सगळीकडे दाह सुरू होतो. मशीन भरण्यासाठी लिटर-सव्वा लिटर द्रव लागतो, त्यामुळे रक्त पातळ होते, हिमोग्लोबिन उतरते आणि रक्त चढवावे लागण्याची शक्यता वाढते. मूत्रपिंडांवर ताण पडतो. आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे महारोहिणीला हात लागतो: तिच्यात नळी घालावी लागते, तिच्यावर चिमटा बसवावा लागतो. तिच्या आतल्या भिंतीवर चुना आणि चरबीचे थर असतील तर त्यातला कण सुटून मेंदूत जाऊ शकतो आणि रुग्ण शुद्धीवर येतो तो एक बाजू लुळी पडूनच.

दुसरे उत्तर म्हणजे हृदय थांबवायचेच नाही, फक्त ज्या जागी टाके घालायचे तेवढा तुकडा स्थिर करायचा. त्यासाठी दोन बोटांसारखे एक उपकरण असते. त्याच्या पट्ट्यांखाली चोषके असतात, ती हृदयाच्या पृष्ठभागाला धरून ठेवतात आणि मधली सेंटिमीटरभर जागा जवळपास हलेनाशी होते, बाकीचे हृदय तिच्याभोवती उसळत राहते. रोहिणी उघडली की आत लहानशी नळी सरकवतात, म्हणजे टाके घालताना पुढचा रक्तपुरवठा तुटत नाही. सहायक कार्बन डायऑक्साइड आणि सलाइनचा बारीक फवारा मारत राहतो, कारण रक्ताचा एक थेंब आला तरी दीड मिलिमीटरचे तोंड दिसेनासे होते. समोरच्या मुख्य रोहिणीची, म्हणजे एलएडीची, जोडणी अशा रीतीने करणे फारसे अवघड नाही. खरी परीक्षा मागच्या भिंतीची असते. तिथे पोहोचायचे तर हृदयाचे टोक छताकडे करून ते उभे धरावे लागते, आणि उभ्या धरलेल्या हृदयात रक्त नीट भरत नाही. टेबलाचे डोके खाली करतात, उजव्या बाजूचे आवरण मोकळे करतात, भूलतज्ज्ञ औषधे वाढवत नेतात आणि दर अर्ध्या मिनिटाने रक्तदाब मोठ्याने सांगतात: ९०, ८५, ७८. या आकड्यांवर सर्जनचा हात थांबतो किंवा पुढे जातो. म्हणून ऑफ-पंप, म्हणजे मशीनशिवाय केलेल्या, बायपासचे श्रेय मी नेहमी निम्मे भूलतज्ज्ञांना देतो.

‘बीटिंग हार्ट’ हे नवे तंत्रज्ञान आणि मशीन जुने, असे जाहिरातींमुळे लोकांना वाटते. इतिहास वेगळा आहे. हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात केली, पण ती हृदयातले छिद्र बंद करण्याची होती. पुढे १९६४ मध्ये लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतली रोहिणी हृदयरोहिणीला जोडली ती मशीनशिवाय, चालू हृदयावर. क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ पासून पायाच्या नीलेचा बायपास रूढ केला, मशीनची सोय सगळीकडे झाली आणि थांबलेल्या हृदयावर काम करणे ही जगाची रीत बनली. धडधडत्या हृदयावरचे काम १९८० च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमधल्या सर्जननी नेटाने चालू ठेवले, आणि त्याचे एक कारण उघड होते: एकदाच वापरायचे ऑक्सिजनेटर महाग पडत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला चोषकांचे स्थिरक आले आणि ही पद्धत सगळ्यांच्या आवाक्यात आली.

आपल्याकडे ती जितकी रुजली तितकी पाश्चात्त्य देशांत रुजली नाही. भारतात निम्म्याहून अधिक बायपास ऑफ-पंप होतात. अमेरिकेत हे प्रमाण पाचात एकही भरत नाही. पालिका रुग्णालयात शिकत असताना मी पाहिले आहे की रुग्णाचा मुलगा सिद्धिविनायक न्यासाकडून आणि इतर ट्रस्टांकडून मदतीची पत्रे गोळा करत आठ-आठ दिवस फिरायचा आणि त्या यादीत ऑक्सिजनेटर व नळ्यांचा संच हीच मोठी रक्कम असायची. ती वाचवता आली तर शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याऐवजी याच आठवड्यात होई. या गरजेपोटी आमच्या पिढीतल्या अनेकांचे हात धडधडत्या हृदयावर तयार झाले, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण गरजेतून आलेली रीत आणि प्रत्येकासाठी श्रेष्ठ असलेली रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या क्षेत्रात पुरेसे बोलले जात नाही. आज बहुतेक ठिकाणी पॅकेजचा दर ठरलेला असतो, त्यामुळे मशीनचा खर्च वाचला तरी तो रुग्णाच्या बिलातून वजा होतोच असे नाही.

आता अभ्यास काय सांगतात ते पाहू. तीन मोठ्या चाचण्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तिन्हींत रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे सर्जनच्या आवडीनिवडीला वाव न ठेवता केली होती.

पहिली रूबी. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर ती झाली आणि २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. वर्षभराने पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा ऑफ-पंप गटात ८२.६ टक्के ग्राफ्ट, म्हणजे जोडलेल्या नव्या वाटा, चालू होते आणि मशीनच्या गटात ८७.८ टक्के. पाच वर्षांनी मृत्यूचे प्रमाण ऑफ-पंप गटात १५.२ टक्के आणि मशीनच्या गटात ११.९ टक्के निघाले. हे आकडे ऑफ-पंपच्या विरोधात जातात आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र त्या चाचणीत सहभागी होण्यासाठी सर्जनने आधी किमान २० ऑफ-पंप शस्त्रक्रिया केलेल्या असणे पुरेसे होते आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टरांचाही मोठा सहभाग होता. १२ टक्क्यांहून अधिक रुग्णांना मध्येच मशीनवर घ्यावे लागले. वीस शस्त्रक्रियांत हृदयाची मागची भिंत हाताला कळत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

दुसरी कोरोनरी नावाची चाचणी. १९ देशांतली ७९ रुग्णालये, ४,७५२ रुग्ण. भारतातली रुग्णालयेही तिच्यात होती. इथे नियम कडक होता: सर्जनने ती विशिष्ट पद्धत १०० हून अधिक वेळा केलेली असली पाहिजे. निकाल पालटला. मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा डायलिसिस लागण्याइतके मूत्रपिंड बिघडणे, यांतले काहीही घडण्याचे ३० दिवसांतले एकत्रित प्रमाण ऑफ-पंपमध्ये ९.८ टक्के आणि मशीनवर १०.३ टक्के होते. पाच वर्षांनी, पुन्हा अँजिओप्लास्टी वा बायपास करावी लागणेही त्यात धरून, ते अनुक्रमे २३.१ आणि २३.६ टक्के निघाले. म्हणजे दोन्ही पद्धती सारख्याच. ऑफ-पंपमध्ये रक्त कमी चढवावे लागले आणि रक्तस्रावामुळे छाती पुन्हा उघडण्याची वेळ कमी आली. पण पहिल्या ३० दिवसांत पुन्हा रक्तपुरवठ्याचा उपाय करावा लागण्याचे प्रमाण, एकंदर थोडे असले तरी, जास्त होते: ०.७ टक्के विरुद्ध ०.२ टक्के.

तिसरी जर्मनीत ७५ वर्षे आणि त्यापुढच्या रुग्णांवर झाली, कारण वृद्धांना मशीन सोसत नाही असा सगळ्यांचा समज होता. वर्षअखेर तिथेही दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

या तिन्हींचा एकत्र विचार केला की माझ्या मनात एकच गोष्ट स्पष्ट उरते: हात तयार असेल तर दोन्ही पद्धती तोलामोलाच्या आहेत आणि हात तयार नसेल तर ऑफ-पंपची चूक रुग्णाला अधिक महाग पडते. थांबलेले हृदय नवख्या हाताला सांभाळून घेते, चालू हृदय घेत नाही.

वडिलांचे क्रिएटिनिन १.७ असल्यामुळे मूत्रपिंडाचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. कोरोनरी चाचणीत शस्त्रक्रियेनंतर लगेच मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण ऑफ-पंप गटात २८ टक्के आणि मशीनच्या गटात ३२.१ टक्के होते. म्हणजे सुरुवातीला ऑफ-पंपचा थोडा फायदा आहे. परंतु वर्षभराने मूत्रपिंडांचे काम तपासले तेव्हा दोन गटांत फरक नव्हता. तेव्हा ‘मशीन लावली तर किडनी जाईल’ असे कोणी सांगितले असेल तर ते अतिरंजित आहे. अँजिओग्राफीत रोहिण्या दिसाव्यात म्हणून सोडलेल्या द्रवामुळे, म्हणजे डायमुळेही, क्रिएटिनिन वाढते. घाई करण्याइतके दुखणे नसेल तर ते पुन्हा मूळ पातळीवर येईपर्यंत काही दिवस थांबणे वडिलांच्या मूत्रपिंडांसाठी पद्धतीच्या निवडीहूनही अधिक हिताचे ठरू शकते.

स्मरणशक्तीबद्दलही लोक विचारतात. २००१ मध्ये एका अभ्यासात मशीनवर बायपास झालेल्यांपैकी ४२ टक्के लोकांची आकलनशक्ती पाच वर्षांनी घटलेली दिसली आणि खळबळ उडाली. नंतर नेदरलँड्समध्ये दोन्ही पद्धतींच्या रुग्णांना पाच वर्षे तपासले, तेव्हा घट दोन्ही गटांत जवळपास निम्म्या लोकांत आढळली आणि गटागटांत फरक नव्हता. दोष मशीनपेक्षा वयाचा, मधुमेहाचा आणि मेंदूच्या रोहिण्यांतल्या त्याच आजाराचा असावा, असे आज बहुतेक जण मानतात.

पक्षाघाताचे मात्र थोडे वेगळे आहे. इथे ‘मशीन की मशीनशिवाय’ यापेक्षा ‘महारोहिणीला हात लावावा लागला का’ हा प्रश्न खरा आहे. ऑफ-पंप करूनही पायाच्या नीलेचे वरचे टोक महारोहिणीला जोडायचे म्हटले की तिच्यावर अर्धा चिमटा बसतो आणि धोका काही प्रमाणात परत येतो. त्याऐवजी छातीतल्या दोन्ही रोहिण्या वापरून, एकीला दुसरी इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडून, महारोहिणीला अजिबात न शिवता तिन्ही जागी रक्त पोहोचवता येते. महारोहिणी चुन्याने कडक झालेली असेल तर माझ्या मते हीच पद्धत योग्य, आणि तिथे ऑफ-पंप सर्जनच्या कौशल्याचे खरे मोल कळते. म्हणून वडिलांच्या छातीचा साधा सीटी स्कॅन, ज्याला डाय लागत नाही, तो शस्त्रक्रियेआधी करून घेता येईल का, हे जरूर विचारा.

उलट काही रुग्णांत मशीनच हवी. झडपही बदलायची असेल तर मशीनला पर्यायच नाही. हृदय खूप मोठे झालेले आणि पंपिंग फार कमी असेल, रोहिणी स्नायूच्या आत खोल गेलेली असेल, किंवा ती इतकी कडक असेल की आतला थर सोलून काढल्याशिवाय जोडणी होणारच नाही, अशा वेळी थांबलेल्या हृदयाची शांतता घ्यावी. काही सर्जन मधला मार्गही घेतात: मशीन लावतात, पण हृदय थांबवत नाहीत.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण त्याने माझी काम करण्याची पद्धत बदलली. सुमारे वीस वर्षांपूर्वी शहरातल्या एका रुग्णालयात, जिथे ‘आमच्याकडे सर्व बायपास बीटिंग हार्ट’ असे प्रवेशद्वाराशीच लिहिलेले होते, माझ्याकडे साठीच्या एक बाई आल्या. डाव्या मुख्य रोहिणीच्या तोंडाशीच अडथळा, हृदय मोठे झालेले. मला मनातून मशीन लावावीशी वाटत होती, पण तिथला रिवाज मोडण्याचे धैर्य मी दाखवले नाही. समोरची जोडणी नीट झाली. मागच्या भिंतीसाठी हृदय उचलले, रक्तदाब ९० वरून ५० वर आला आणि मी हृदय खाली ठेवेपर्यंत ते नुसते थरथरू लागले होते. मशीन खोलीत होती, पण कोरडी. नळ्या जोडून, भरून, हवा काढून तयार व्हायला जो वेळ लागला तेवढा वेळ मी ते हृदय दोन्ही तळव्यांत धरून दाबत होतो. बाई वाचल्या. पण दोन आठवडे डायलिसिस लागले आणि त्या २६ व्या दिवशी घरी गेल्या. मशीनवर सुरुवातीपासून केले असते तर बहुधा आठव्या दिवशी गेल्या असत्या. असे घाईने मशीनवर जावे लागते तेव्हा मृत्यूचा धोका ठरवून केलेल्या दोन्ही पद्धतींपेक्षा कितीतरी वाढतो. तेव्हापासून अवघड रुग्णात मी मशीन भरून तयार ठेवल्याशिवाय ऑफ-पंप सुरू करत नाही, आणि मनात किंतु आला की ठोका स्थिर असतानाच मशीनवर जातो. तसे जाण्यात मला कमीपणा वाटत नाही.

आपण दोन्ही सर्जनना पुन्हा भेटाल तेव्हा ‘मशीन लावणार का’ हा प्रश्न मागे ठेवा आणि आधी हे विचारा की किती ग्राफ्ट घालणार, आणि अँजिओग्राफीत जिथे जिथे गरज दिसते तिथे सगळीकडे पोहोचणार का. ऑफ-पंपची सगळ्यांत मोठी उणीव ही की मागची जागा अवघड गेली तर चारऐवजी तीनवर किंवा दोनवर भागवण्याचा मोह होतो, आणि सुटलेली ती रोहिणी दोन-चार वर्षांनी छातीत दुखण्याच्या रूपाने परत येते. दुसरे, लिमा एलएडीला जोडणार ना, हे विचारा. उत्तर जवळपास नेहमी होकारार्थीच असते, तरी विचारा, कारण पुढच्या आयुष्याची सगळ्यांत मोठी हमी तीच आहे: दहा वर्षांनीही दहातल्या नऊ लिमा चालू असतात, तर पायाच्या नीलेचे साधारण निम्मे ग्राफ्ट तोवर बंद किंवा अरुंद झालेले असतात. मग हे विचारा की आपण ही पद्धत रोज करता की अशा निवडक रुग्णांतच, आणि गेल्या वर्षी शंभरात किती जणांना मध्येच मशीनवर घ्यावे लागले. ‘एकालाही नाही’ या उत्तरापेक्षा ‘तिघा-चौघांना’ असे शांतपणे सांगणाऱ्यावर माझा अधिक विश्वास बसेल. या प्रश्नांचा राग येणारे सर्जन थोडे असतात. आपल्या मुलीने असेच विचारावे असे वाटणारे पुष्कळ असतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर असे आहे. पंपिंग ४५ टक्के म्हणजे ठीक आहे. त्यावरून कोणतीच पद्धत बाद होत नाही. क्रिएटिनिन थोडे ऑफ-पंपकडे झुकवते. १५ वर्षांचा मधुमेह म्हणजे रोहिण्या बारीक आणि लांबवर खराब असण्याची शक्यता, ती थोडी मशीनकडे झुकवते. सीटी स्कॅनमध्ये महारोहिणी कडक निघाली तर मी ऑफ-पंपचा दांडगा अनुभव असलेल्या पहिल्या सर्जनकडे जाईन, मात्र ते महारोहिणीला न शिवता करणार असतील तरच. महारोहिणी स्वच्छ असेल आणि अँजिओग्राफीत मागच्या रोहिण्या बारीक दिसत असतील, तर दुसऱ्या सर्जनचे म्हणणे मला पटते. एक गोष्ट मात्र करू नका: मशीन वापरण्याची सवय असलेल्या सर्जनला ‘आमच्या बाबांची बीटिंग हार्टच करा’ असा आग्रह, किंवा त्याच्या उलट आग्रह. नातेवाइकांच्या शब्दाखातर रोजचा हात बदललेला मी पाहिला आहे, आणि त्याचे परिणामही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचे असेल तर मंजुरीला लागणारे कागद आधी जमवा, म्हणजे तारीख पुढे जाणार नाही. अँजिओग्राफीची सीडी प्रत्येक भेटीला बरोबर ठेवा. छापील अहवालावरून रोहिणीची जाडी कळत नाही. विडी-सिगारेट, तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर ती आजच बंद व्हावी, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, कारण त्यानंतरच्या खोकल्याने नुकतेच तारेने बांधलेले छातीचे हाड हलते. साखर आतापासूनच आटोक्यात आणली तर जखमेत पू होण्याचा धोका कमी होतो, आणि मधुमेही माणसाला बायपासनंतर सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट हृदय नसून पायाची आणि छातीची जखम असते.

आणखी एक, आणि हे आजच करा. अँजिओग्राफीनंतर वडिलांना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या दिल्या असतील. त्यांतली अ‍ॅस्पिरिन सहसा शस्त्रक्रियेपर्यंत चालू ठेवतात. दुसरी क्लोपिडोग्रेल असेल तर ती साधारण पाच दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर दोन्ही पद्धतींत रक्तस्राव आवरता आवरत नाही. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका, कारण काही रुग्णांत ती थांबवणेही धोक्याचे असते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याच फोनवर सर्जनना गोळीचे नाव वाचून दाखवा आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी घ्यायची ते लिहून घ्या.